मोबाईलमधल्या फोटोची पीडीएफ: फॉर्म अडणार नाही अशी

जून-जुलै आला की घराघरांत तोच संवाद ऐकू येतो. दाखल्यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलेले असतात, फॉर्म भरून झालेला असतो आणि शेवटच्या पानावर साईट म्हणते, फाईल फक्त पीडीएफ चालेल. मग कोणी झेरॉक्सच्या दुकानात पळतं, कोणी भाच्याला फोन लावतं, कोणी प्ले स्टोअरवर जाऊन दिसेल ते पहिलं ॲप उतरवतं आणि जाहिराती बंद करत बसतं. यातलं काहीच लागत नाही. फोटोची पीडीएफ करायची सोय तुमच्या मोबाईलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये आधीच आहे, तीही फुकट.

पण घोडं अडतं ते पीडीएफ बनवण्यात नाही. ते काम अर्ध्या मिनिटाचं. फॉर्म परत येतात ते फोटो अंधुक असतो म्हणून, साईज जास्त असते म्हणून, दाखल्याचा कोपरा कापला गेलेला असतो म्हणून. म्हणून या लेखात बटणांपेक्षा फोटोबद्दल जास्त वाचायला मिळेल. घाई असेल तर सरळ आपल्या यंत्राच्या भागावर जा, पण साईजचा भाग वाचल्याशिवाय अपलोड करू नका.

पीडीएफ म्हणजे नेमकं काय होतं

जेपीजी फाईलमध्ये एक चित्र असतं, बस. त्याला पान, कागदाचा आकार, पुढचं पान असलं काही ठाऊक नसतं. पीडीएफमध्ये पानं असतात. तुम्ही फोटोची पीडीएफ करता तेव्हा कॉम्प्युटर एक कोरं पान घेतो आणि त्यावर तुमचा फोटो ठेवतो. पीडीएफ म्हणजे पाकीट समजा: आत जे घालाल तेच पलीकडे निघणार. पुसट फोटो पीडीएफ केल्याने ठळक होत नाही, आणि ५ एमबीचा फोटो पीडीएफ केल्याने आपोआप ३०० केबीचा होत नाही.

हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला. २००८ मध्ये तो आयएसओचं खुलं मानक झाला, म्हणजे पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर कोणीही लिहू शकतं. म्हणूनच विंडोज, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांत ही सोय आतच मिळते. फोटोची पीडीएफ करण्यासाठी महिन्याची वर्गणी मागणारं ॲप दिसलं तर पुढे जा.

एक उद्योग मात्र करू नका. फाईलच्या नावातलं शेवटचं 'जेपीजी' खोडून तिथे 'पीडीएफ' लिहिलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्याने फक्त नाव बदलतं, आत चित्रच राहतं. साईट फाईल उघडून तिची सुरुवात तपासते आणि 'इनव्हॅलिड फाईल' म्हणून परत करते. काही साईट तेवढंही तपासत नाहीत, ते आणखी वाईट. फाईल चढते आणि पंधरा दिवसांनी तपासणारा कारकून म्हणतो, कागदपत्र उघडत नाही.

फोटो काढायची गरज आहे का, ते आधी बघा

हा टप्पा जवळपास सगळे विसरतात. आपले सरकार पोर्टलवरून मिळालेला उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रीमी लेअर हे कागद मुळात पीडीएफच असतात. त्याची प्रिंट काढायची, लॅमिनेट करायची, मग लॅमिनेशनचा फोटो काढून पुन्हा पीडीएफ करायची, हा उलटा द्राविडी प्राणायाम कशाला? मूळ फाईल उतरवा आणि तीच चढवा. ती स्पष्टही असते आणि हलकीही.

डिजिलॉकरमध्येही बरंच काही सापडतं: आधार, पॅन, वाहन परवाना आणि अनेक परीक्षा मंडळांच्या गुणपत्रिका. डिजिलॉकरमधून मिळालेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा धरावा, असा केंद्र सरकारचा नियम २०१७ च्या अधिसूचनेनंतर अस्तित्वात आला आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट वाचा. डिजिटल सातबारा किंवा आपले सरकारचा दाखला यावर डिजिटल सही असते. ती सही म्हणजे तिथे दिसणारं चित्र नव्हे. ती फाईलच्या आत असते. अशा फाईलचा स्क्रीनशॉट काढला किंवा ती 'प्रिंट' करून पुन्हा पीडीएफ म्हणून सेव्ह केली, तर सहीचं चित्र राहतं पण सही जाते. डिजिटल सहीची फाईल जशी मिळाली तशीच पुढे द्यावी.

ई-आधारची फाईल पासवर्ड लावून येते. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, हा तो पासवर्ड. बऱ्याच साईट पासवर्डची फाईल घेत नाहीत. तेव्हा ती क्रोममध्ये उघडायची, प्रिंट दाबायचं आणि 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडायचं. नवी फाईल बिनपासवर्डची तयार होते. डिजिटल सही त्यातही जाते, हे आत्ताच सांगितलं. साध्या ओळखीच्या पुराव्यासाठी बहुतेक ठिकाणी ते खपतं.

आणि उलट चूक: पासपोर्ट साईज फोटो आणि सही यांची पीडीएफ करू नका. जवळपास सगळ्या फॉर्मवर या दोन गोष्टी जेपीजीच मागतात. बँक भरतीच्या आयबीपीएस फॉर्मवर फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी, दोन्ही जेपीजीमध्ये लागतात. साईट काय मागते ते अपलोडच्या बटणाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते आधी कागदावर उतरवून घ्या: कुठला प्रकार, जास्तीत जास्त किती केबी, कमीत कमी किती केबी.

कागदाचा फोटो

ऐंशी टक्के यश इथे ठरतं, असं माझं मत आहे.

दिवसा, खिडकीजवळ, पण थेट ऊन पडत नाही अशा जागी कागद ठेवा. वर ट्यूबलाईट असेल तर तुमची आणि मोबाईलची सावली नेमकी कागदावर पडते. तुम्ही जागा बदलण्यापेक्षा कागद फिरवून पाहा. खाली गडद आणि एकरंगी पृष्ठभाग हवा. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढरा कागद ठेवला तर स्कॅनरला कडाच सापडत नाहीत. फुलाफुलांची चादर तर नकोच.

घडी पडलेला कागद आधी जाड पुस्तकाखाली तासभर ठेवा. घडीवर आलेली ओळ फोटोत मोडते, आणि जुन्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात नेमकी जन्मतारीख घडीवर असते!

मोबाईल कागदाच्या बरोबर वर, आडवा-समांतर धरा. तिरका धरला तर वरची बाजू अरुंद आणि खालची रुंद येते. स्कॅनर ॲप ते सरळ करतं खरं, पण ओढाताणीत वरच्या ओळी पुसट होतात. कागदाच्या चारही कडा फ्रेममध्ये येऊ द्या, थोडी जागा सुटली तरी चालेल. जास्त जवळ जाऊ नका. फोकस पकडत नाही. कागदाच्या मध्यावर एकदा बोट टेकवा, अक्षरं ठळक झाली की मग फोटो घ्या.

फ्लॅश बंद. लॅमिनेट केलेल्या कागदावर फ्लॅश मारला की पांढरा गोळा उमटतो आणि तो बरोबर शिक्क्यावर बसतो. लॅमिनेशनवर खिडकीचंच प्रतिबिंब पडत असेल तर कागद थोडा खिडकीपासून दूर, भिंतीच्या बाजूला न्या.

फोटो झाला की तिथेच मोठा करून पाहा. दाखल्याचा क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही वाचता आली पाहिजे. तिथे संशय आला तर दुसरा फोटो काढा. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती अक्षरं परत आणून देणार नाही.

अँड्रॉइडवर

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गुगल ड्राइव्ह आधीच असतं. तेच वापरा.

१. ड्राइव्ह उघडा. खाली उजवीकडे कॅमेऱ्याचं चिन्ह दिसतं, ते दाबा. दिसत नसेल तर अधिकच्या चिन्हावर दाबून 'स्कॅन' निवडा.

२. कागदावर मोबाईल धरा. कडा सापडल्या की ॲप स्वतःच फोटो टिपतं. ही घाई नको असेल तर वर 'मॅन्युअल' करून घ्या. फोटो आधीच काढलेले असतील तर याच पडद्यावर गॅलरीचं चिन्ह असतं, तिथून ते आत घेता येतात.

३. कापण्याच्या खुणेवर दाबून चारही कोपरे कागदाच्या कोपऱ्यांवर नेऊन ठेवा. ॲपने स्वतः केलेली कापणी जशीच्या तशी मान्य करू नका. जातीच्या दाखल्याच्या खालच्या कडेला असलेली सही ते सर्रास कापतं.

४. फिल्टर निवडा. याबद्दल खाली साईजच्या भागात लिहिलं आहे. तोवर रंगीतच ठेवा.

५. दुसरं पान असेल तर अधिकचं चिन्ह दाबून तेही टिपा. सगळी पानं एकाच फाईलमध्ये जातात.

६. सेव्ह करताना नाव द्या आणि प्रकार पीडीएफ आहे ना ते पाहा.

फाईल ड्राइव्हमध्ये जाते. साईटवर चढवताना 'फाईल सापडत नाही' ही तक्रार इथूनच सुरू होते. ड्राइव्हमध्ये त्या फाईलच्या तीन टिंबांवर दाबून 'डाउनलोड' करा, की ती फोनच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये येईल.

एकच फोटो असेल तर आणखी सोपा रस्ता आहे. फोटो उघडा, तीन टिंबांतून 'प्रिंट' निवडा, वर प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा, कागद ए४ निवडा आणि सेव्ह. घरात प्रिंटर नसला तरी 'प्रिंट' हा पर्याय वापरायचा असतो, हे नवख्याला पटकन लक्षात येत नाही. पण पुढे विंडोजवरही हीच युक्ती आहे.

आयफोनवर

नवा कागद असेल तर नोट्स ॲपमध्ये नवी नोट उघडा, जोडणीच्या चिन्हातून 'स्कॅन डॉक्युमेंट्स' निवडा. फाईल्स ॲपमध्येही वरच्या तीन टिंबांत हाच पर्याय आहे, आणि तो बरा, कारण पीडीएफ तिथल्या तिथे हव्या त्या फोल्डरमध्ये पडते.

फोटो आधीच काढलेले असतील तर ते फोटोज ॲपमधून 'सेव्ह टू फाईल्स' करा. मग फाईल्समध्ये ते सगळे निवडा, खालच्या तीन टिंबांवर दाबा आणि 'क्रिएट पीडीएफ' करा. क्रम बरोबर आला का ते उघडून बघा.

आयफोनवाल्यांचं एक जास्तीचं दुखणं म्हणजे एचईआयसी. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन फोटो या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, पण आपल्याकडच्या कित्येक फॉर्मना हा प्रकार ओळखताच येत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपीजी येतात. आधीच्या फोटोंना यामुळे काही होत नाही. पीडीएफ करणार असाल तर मात्र चिंता नाही. आयफोन स्वतःच एचईआयसीची पीडीएफ करून देतो.

विंडोजवर

विंडोज १० पासून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' नावाचा एक प्रिंटर आपोआप बसवलेला असतो. हा प्रिंटर खरा नाही. त्याला पाठवलेला कागद पीडीएफ फाईल होऊन बाहेर येतो.

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घ्या आणि त्यांना क्रमाने नावं द्या: ०१, ०२, ०३. पुढचं शून्य मुद्दाम लावा, कारण काही सॉफ्टवेअर १ नंतर २ न घेता १० घेतात. आता सगळे फोटो निवडा, पहिल्या फोटोवर माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'प्रिंट' घ्या. विंडोज ११ मध्ये तो पर्याय समोर दिसला नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये दडलेला असतो. एकावेळी १५ पेक्षा जास्त फाईल निवडल्या तर 'प्रिंट' गायबच होतो, तेव्हा जास्त पानं असतील तर दोन हप्त्यांत करा.

जी खिडकी उघडते तिथे वर प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' आणि कागद ए४ निवडा. उजवीकडच्या यादीतून 'फुल पेज फोटो' घ्या. आणि आता खाली बघा: 'फिट पिक्चर टू फ्रेम' अशी एक चौकट असते आणि तिच्यात आधीच बरोबरची खूण असते. ती खूण काढा. ती राहिली तर पान भरून टाकण्याच्या नादात विंडोज फोटोच्या कडा छाटतं. समासातला क्रमांक, खालची सही, गुणपत्रिकेतली शेवटची ओळ अशीच नाहीशी होते, आणि पटकन पाहिलं तर पान छान भरलेलं दिसतं म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग 'प्रिंट' दाबा. फाईल कुठे ठेवायची ते विचारेल. नाव द्या, झालं.

आधारची पुढची-मागची बाजू एकाच पानावर हवी असेल तर वरचा रस्ता सोडा. वर्ड किंवा लिब्रऑफिस रायटर उघडा, दोन्ही फोटो एकाखाली एक टाका, ओढून साधारण खऱ्या कार्डाएवढे करा आणि फाईल पीडीएफ म्हणून सेव्ह करा. लिब्रऑफिस फुकट आहे आणि त्यात 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' असा पर्याय असतो.

मॅकवर हे सगळं दोन हालचालींत होतं: फाईंडरमध्ये फोटो निवडा, उजवं बटण, 'क्विक ॲक्शन्स', 'क्रिएट पीडीएफ'. पानांचा क्रम प्रिव्ह्यूमध्ये बाजूच्या पट्टीत वर-खाली ओढून बदलता येतो.

साईज: खरी मारामारी

आधी एकक. १ एमबी म्हणजे साधारण १००० केबी. फॉर्म ५०० केबी म्हणतो आणि तुमची फाईल ०.८ एमबी दिसते, तर ती मर्यादेपेक्षा मोठी आहे. 'शून्य पॉइंट काहीतरी आहे, म्हणजे लहानच' असं समजून तीच फाईल पुन्हा पुन्हा चढवणारी माणसं दर हंगामात भेटतात.

आता फोटो इतका जड का? साध्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा. तो वाचण्यासाठी दर इंचाला १५० ठिपके बहुधा पुरतात. त्या हिशेबाने १२४० गुणिले १७५४, म्हणजे २२ लाखांहूनही कमी ठिपके लागतात. मूळ फोटोच्या पाचव्या हिश्शाहून कमी! बाकीचं सगळं ओझं तुम्ही विनाकारण वाहून नेता आहात. दाखल्यात फार बारीक छपाई असेल, उदाहरणार्थ सातबाऱ्यातले रकाने, तर दर इंचाला २०० ठिपके धरा: १६५४ गुणिले २३३९.

म्हणून साईज कमी करायची ती पीडीएफ करण्याच्या आधी, फोटोवर. विंडोजवर फोटो पेंटमध्ये उघडा, 'रीसाईज' घ्या, 'पिक्सेल्स' निवडा, लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवणारी खूण राहू द्या आणि उभ्या पानासाठी रुंदी १२४० करा. नव्या नावाने जेपीजी म्हणून सेव्ह करा. मूळ फोटोवर कधीही सेव्ह करू नका. उद्या दुसरी साईट २ एमबीपर्यंत परवानगी देईल आणि तेव्हा चांगला फोटो हाताशी हवा. मॅकवर प्रिव्ह्यूच्या टूल्समध्ये 'ॲडजस्ट साईज' आहे.

मोबाईलवर एक देशी जुगाड चालतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं चित्र हलकं होतं. एरवी हा त्याचा दोष, पण इथे तो कामाचा. फोटो स्वतःलाच पाठवा, तो उतरवा आणि त्याची पीडीएफ करा. त्यासाठी पाठवताना दर्जा 'एचडी' केलेला नसावा. तयार पीडीएफ मात्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ती आहे तशीच पोचते.

फिल्टरनेही फरक पडतो. काळा-पांढरा फिल्टर लावला की फाईल बरीच उतरते आणि अक्षरं ठळक होतात, पण जांभळा शिक्का पुसट होतो किंवा त्याखालची सही त्यातच मिसळून जाते. शिक्का आणि सही असलेला कागद रंगीत ठेवा. निव्वळ मजकुराचा कागद, जसं हमीपत्राची आतली पानं, काळा-पांढरा खुशाल करा. दोन्हीच्या मधला राखाडी रंगछटांचा पर्याय असतो. साईज थोडी जड होत असेल तर तो बरा.

पीएनजी फाईलची गोष्ट वेगळी. स्क्रीनशॉट बहुधा पीएनजी असतो आणि त्याची पीडीएफ अनपेक्षितपणे मोठी होते. आधी तो पेंटमधून जेपीजी करून घ्या.

पीडीएफ झाल्यावर ती दाबून लहान करणारी साधनंही आहेत. ती आतल्या फोटोचेच ठिपके कमी करतात, जादू काही नाही. एकदा दाबलं तर ठीक. तीच फाईल तीनदा दाबली की आसनक्रमांकातला तीन आहे की आठ ते कळेनासं होतं. मर्यादेत बसत नसेल तर मागे जा आणि मूळ फोटोपासून नव्याने करा.

उलटी अडचणही येते. काही सरकारी फॉर्मवर कमीत कमी साईजचीही अट असते, म्हणजे फाईल फार लहान झाली तरी ती नाकारतात. तेव्हा रुंदी १२४० ऐवजी १६५४ करून पाहा, किंवा काळ्या-पांढऱ्याऐवजी रंगीत ठेवा.

आडवी पानं, उलटा क्रम, फाईलचं नाव

गॅलरीत उभा दिसणारा फोटो पीडीएफमध्ये आडवा पडतो, तेव्हा चूक तुमची नसते. मोबाईल फोटो आडवाच साठवतो आणि 'हा उभा दाखवा' अशी चिठ्ठी सोबत जोडतो. काही सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचत नाहीत. गॅलरीत फोटो एकदा पूर्ण फिरवून पुन्हा सरळ करा आणि सेव्ह करा, बहुतेक वेळा भागतं.

फाईलचं नाव रोमन अक्षरांत, छोटं आणि मधे जागा न सोडता ठेवा. मराठी नाव असलेली फाईल कॉम्प्युटरवर सुरेख दिसते, पण कित्येक पोर्टल ती गिळत नाहीत, आणि नकाराचं कारणही सांगत नाहीत. आडनाव आणि कागदाचा प्रकार एवढं पुरे. 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल खरी' अशी साखळी सुरू झाली की चुकीची फाईल जाणारच.

चढवण्याआधी पीडीएफ एकदा उघडा आणि शेवटच्या पानापर्यंत जा. चढवल्यानंतर साईटवर 'व्ह्यू' असेल तर तिथेही बघा.

चित्रातला मजकूर हवा असेल तर

वर सांगितलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचं चित्र असतं. त्यात शोधता येत नाही, दुरुस्ती करता येत नाही. जुनं टाईप केलेलं पत्र पुन्हा वर्डमध्ये हवं असेल तर चित्रातली अक्षरं ओळखून देणारं साधन लागतं. त्याला ओसीआर म्हणतात.

कॉम्प्युटरवर गुगल ड्राइव्ह उघडा, फोटो तिथे चढवा, त्यावर उजवं बटण दाबून 'ओपन विथ' आणि मग 'गुगल डॉक्स' करा. वर तुमचं चित्र आणि खाली ओळखलेला मजकूर, अशी नवी फाईल तयार होते. छापील मराठी चांगलं ओळखलं जातं. हस्ताक्षरावर फार भिस्त ठेवू नका. फोटो सरळ आणि २ एमबीच्या आत असावा. निकाल बारकाईने तपासा: रफार, अनुस्वार, जोडाक्षरं आणि आकडे, चुका होतात त्या इथेच. रकान्यांची तर पार मोडतोड होते, तक्ता पुन्हा आखावाच लागतो.

जास्त पानं असतील आणि कॉम्प्युटरची सवय असेल तर टेसरॅक्ट नावाचं मुक्त साधन आहे. ते मुळात एचपी कंपनीत घडलं, २००५ मध्ये खुलं झालं, आणि त्याच्यासाठी मराठीची माहिती वेगळी उतरवता येते. ते तुमच्याच यंत्रावर चालतं, कागद कुठे पाठवावा लागत नाही.

याच साधनाचा एक भलताच उपयोग आहे. श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये टाईप केलेल्या जुन्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो, कारण आतली अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच ओळखली जाणारी, नसतात. अशा पानाचं चित्र करून ते ओसीआरला दिलं तर ते दिसतंय तसं वाचतं आणि चक्क युनिकोड मराठी परत देतं. जुन्या स्मरणिका, संस्थांची इतिवृत्तं वाचवायला हा मार्ग मला सगळ्यांत कमी कटकटीचा वाटतो.

ऑनलाईन साईट आणि सायबर कॅफे

जेपीजीची पीडीएफ करून देणाऱ्या वेबसाईट ढीगभर आहेत आणि त्यातल्या नामांकित साईट काम नीट करतात. पण तिथे फाईल आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते. लग्नपत्रिका, शाळेचा प्रकल्प, पाककृतीचं पान असेल तर बिनधास्त वापरा. आधार, पॅन, बँक पासबुक, वैद्यकीय अहवाल यांच्यासाठी नाही. ते वर दिलेल्या मार्गांनी आपल्याच यंत्रावर करा. स्कॅनर ॲपच्या बाबतीतही तेच. एके काळी घरोघरी असलेलं कॅमस्कॅनर २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये होतं, आणि तरीही कुठून तरी त्याची फाईल मिळवून ते वापरणारे अजून दिसतात. ड्राइव्हचा स्कॅनर हाताशी असताना तो खटाटोप कशाला?

आधार फक्त ओळखीसाठी द्यायचं असेल तर यूआयडीएआयच्या साईटवरून मास्क्ड आधार घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फॉर्मला पूर्ण क्रमांक हवा असेल तर अर्थातच ते चालणार नाही.

सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात काम करून घेतलंत, तर दुकानदाराला फाईल व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी विचार करा, कारण ती त्याच्या मोबाईलमध्ये राहते. पेनड्राइव्ह नेला तर बरं. निघताना त्या कॉम्प्युटरवरच्या डाउनलोड्स आणि डेस्कटॉपवरून आपल्या फाईल काढा, मग रीसायकल बिनही रिकामं करा, आणि जीमेल किंवा ड्राइव्ह उघडलं असेल तर लॉगआउट करूनच उठा. मागे रांग असली तरी.